सातव्या दिवशी सोडायची पट्टी

आमच्याकडे दर रविवारी मोडलेली माणसं यायची. पंचवटीच्या पलीकडे, घरं संपून मळे सुरू व्हायचे तिथं आमचा दीड एकराचा फुलमळा होता. वडील फुलं पिकवायचे आणि हाडं बसवायचे. फुलं पोटासाठी, हाडं फुकट. सत्तरच्या दशकातली ती शेवटची वर्षं. निफाड, विंचूरकडून लोक सकाळच्या एसटीनं यायचे, जवळपासचे बैलगाडीत घालून आणायचे. कुणाचा खांदा निखळलेला, कुणाचा घोटा सुजलेला, कुणाच्या कडेवर झाडावरून पडलेलं पोर. सगळे आमच्या ओट्यावर रांगेनं बसायचे.

वडिलांना ही विद्या त्यांच्या वडिलांकडून मिळाली होती आणि तिच्याबरोबर तीन नियम. पैसा घ्यायचा नाही. आलेल्याला परत पाठवायचं नाही. आणि एकदा बांधलेली पट्टी सातव्या दिवसाच्या आत सोडायची नाही. यातला एक जरी मोडला तरी विद्या उलटते, असं आजोबा सांगून गेले होते. बरं झालेला माणूस एक नारळ आणून द्यायचा, तेवढंच. त्यामुळे आमच्या घरात वर्षभर खोबऱ्याची चटणी असायची आणि मला ती आजही घशाखाली उतरत नाही.

माझं वय तेव्हा अकरा. रविवारची कामं माझ्याकडे होती. जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडायच्या, तिळाचं तेल कोमट करायचं, बांबूच्या कामट्या पुसून ठेवायच्या आणि बाबा बांधायला लागले की पट्टीचं एक टोक गच्च धरून बसायचं. पोरं ओरडायची, लाथा झाडायची. बाबा म्हणायचे, "रडू दे. रडतंय म्हंजी हाड जागेवर चाललंय." मीही ते वाक्य पाठ केलं होतं आणि रडणाऱ्या पोरांच्या आयांना मोठ्या बाईसारखी ऐकवायची. शाळेत तर माझा तोरा विचारू नका. कुणी मैदानात पडलं की मी पुढं व्हायची आणि बाबांची पोर म्हणून मुली बाजूला सरकायच्या.

बाबांच्या हाताला गुण होता हे खोटं नाही. लचक, मुरगळ, उतरलेला खांदा, यात ते तरबेज होते. एका ट्रकड्रायव्हरचा खांदा त्यांनी असा बसवला होता की तो रडत आला आणि हसत गेला. पण ज्यांचं चुकलं त्यांचं काय झालं, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला कधी पडला नाही. बरे झालेले नारळ घेऊन परत यायचे. ज्यांचे हात वाकडे राहिले ते दुसऱ्यांदा आमच्याकडे कशाला येतील? आम्हाला फक्त नारळ दिसायचे. शिवाय जो माणूस पैसाच घेत नाही त्याला जाब तरी कुणी विचारायचा? हे मला कळायला चाळिशी उलटावी लागली.

मोठा सरकारी दवाखाना आमच्यापासून टांग्यानं अर्ध्या तासावर होता. तिकडं कुणी जायचं नाही. "तिथं गेलं की हात कापत्यात," असं ओट्यावर दर रविवारी कुणीतरी म्हणायचंच, आणि आपल्या गावातल्या एखाद्या कापलेल्या माणसाचं नाव सांगायचं. त्या माणसाला तिथं किती दिवसांनी नेला होता, हे मात्र कुणी सांगायचं नाही.

माझी धाकटी बहीण तेव्हा सहा वर्षांची होती. पहिलीत. पाटीवर अक्षरं कोरल्यासारखी काढायची आणि सुईदोऱ्यात तिचा हात माझ्यापेक्षा भरभर चालायचा. मी एक माळ ओवीपर्यंत हिची दीड व्हायची, वर मला वेडावून दाखवायची. दसऱ्याला तीन दिवस राहिले होते. झेंडूचं वर्षभराचं पीक त्या दिवसांत विकलं जायचं, त्यामुळे घरात पाय ठेवायला जागा नव्हती, सगळीकडे फुलांचे ढीग. दुपारी धाकटी पाण्याच्या मोटारीच्या हौदाच्या कठड्यावरून चालत होती. मी तिला उतर म्हणाले नाही, कारण मीही तिथंच चालायची. शेवाळावर पाय सटकला आणि ती बाहेरच्या अंगाला पडली. पडताना उजवा हात खाली टेकला. कोपराच्या वर काहीतरी वाजलं ते मला चार हातांवरून ऐकू आलं.

बाबा फुलं तोडायचं टाकून पळत आले. त्यांनी तिला उचललं, ओट्यावर आणलं, आणि पुढचं सगळं रविवारसारखंच झालं. तेल आलं. त्यांनी कोपर चोळलं, ओढलं. ती अशी ओरडली की आईनं पदर तोंडात धरला. मग लेप, त्यावर कामट्या, त्यावर पट्टी. मी टोक धरलं होतं. स्वतःचं पोर होतं म्हणून की काय, नेहमीपेक्षा जास्त घट्ट बांधलं त्यांनी. दोन वेढे जास्तच घातले. "हलाया नको," म्हणाले.

ती रात्रभर रडली. सकाळी पट्टीबाहेर आलेली तिची बोटं टरारून सुजली होती. त्यांचा रंग बदलला होता. मधे फिकट आणि नखांपाशी निळसर.

आई म्हणाली, "अहो, जरा सैल करा की. बोटं बघा पोरीची."

"सूज येणारच," बाबा म्हणाले. "आज सोडली तर सगळं वाया जाईल. सातव्या दिशी सोडू."

"लोकांच्या पोरांना लावता ते नियम. ही आपली हाय."

"आपली हाय म्हणूनच," बाबा म्हणाले आणि सायकल काढून निघून गेले. त्यांना तोडलेली फुलं बाजारात पोचवायची होती. खरं कारण ते नव्हतं. त्यांना तिथं बसवत नव्हतं. ज्या माणसानं हजार पोरांची रडणी ऐकून घेतली त्याला हे एक रडणं ऐकवेना.

त्या दुपारी नर्सबाई आल्या. आमच्या मळ्याजवळच्या कॉलनीत बौद्ध कुटुंबांची घरं होती, त्यात त्या राहायच्या आणि मोठ्या दवाखान्यात नोकरी करायच्या. दसऱ्याच्या दिवशी त्यांच्या विहारात मोठा कार्यक्रम असायचा, त्याची फुलं दरवर्षी आमच्याकडून जायची. ती सांगायला त्या आल्या आणि पोरीचं कण्हणं ऐकून सरळ आत शिरल्या. त्यांनी धाकटीच्या बोटाचं नख दाबलं, सोडलं आणि बघत बसल्या. मग स्वतःचं नख दाबून मला दाखवलं. सोडल्यावर ते लगेच गुलाबी झालं. धाकटीचं पांढरंच राहिलं. मग त्यांनी तिचं एक बोट हळूच सरळ करायला घेतलं तर ती किंचाळली.

तेवढ्यात बाबा परत आले. नर्सबाई उभ्या राहिल्या. "दादा, हिच्या हातात रक्त पोचत नाहीये. ही पट्टी आत्ता, या मिनिटाला सोडा आणि माझ्याबरोबर दवाखान्यात चला. मी सोबत येते."

बाबा आवाज न चढवता म्हणाले, "ताई, तुमचं शास्तर वेगळं, आमचं वेगळं. तुमी कापणार, आमी बसवणार."

"मी कापायचं नाव काढलंय का? कापायची वेळ येऊ नये म्हणून सांगतेय."

"फुलं किती धाडू?" बाबांनी विचारलं.

बाबांशी वाद घालून उपयोग नाही हे नर्सबाईंनी ओळखलं असावं. जाताना त्यांनी मला हौदापाशी बोलावलं. "तू मोठी आहेस ना? मग नीट ऐक. हात दुखतोय तोवर अजून आशा आहे. दुखायचं आपोआप थांबलं, बोटं गार पडली, बोटाला लावलेलं कळेनासं झालं, तर बरं वाटतंय असं समजू नकोस. आईला सांग, आणि कुणी नाहीच ऐकलं तर तिला उचलून माझ्या घरी आण. मला झोपेतून उठवलंस तरी चालेल." त्यांचं घर मला माहीत होतं. चालत दहा मिनिटं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीचं रडणं थांबलं.

ते घर कसं सुटल्यासारखं झालं, काय सांगू. आईनं देवापुढं साखर ठेवली. बाबा दोन दिवसांत पहिल्यांदा जेवले. "बघा," ते म्हणाले, "धीर धरला तर होतंय." धाकटी निपचित पडली होती, अंगात कणकण होती, पण रडत नव्हती. मी तिला विचारलं, "दुखतंय का गं?" ती म्हणाली, "नाही." मग थोड्या वेळानं म्हणाली, "ताई, हात माझा वाटतच नाही."

मी फुलं ओवत तिच्याजवळ बसले होते. हातात माळेची लांब सुई होती. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी ती सुई तिच्या करंगळीच्या टोकाला टोचली. हळू. मग जोरात. ती छताकडे बघत होती, तशीच बघत राहिली. बोट हाताला लागलं तेव्हा हौदातल्या पाण्यासारखं गार होतं.

मला सगळं कळलं होतं. मी अकरा वर्षांची होते, कुक्कुलं बाळ नव्हते, आणि नर्सबाईंनी शब्दन् शब्द मला समजावून सांगितला होता. तरी मी उठले नाही. बाहेर बाबा कुणालातरी हसून काही सांगत होते. मी बाहेर जाऊन बोलले असते तर ते हसणं थांबलं असतं, पट्टी सुटली असती, विद्या उलटली असती, आणि रविवारची आमच्या ओट्यावरची रांग माझ्यामुळे मोडली असती. असं सगळं माझ्या डोक्यात होतं. खरं सांगायचं तर मला बाबांची मुलगी राहायचं होतं. मी सुई पुढच्या फुलात घातली आणि माळ पुरी केली.

तो दिवस गेला. रात्र गेली. दसऱ्याच्या सकाळी बाबा टेम्पोत फुलं भरून बाजारात गेले. घरात एक वास यायला लागला होता. आई म्हणाली, सडक्या फुलांचा असेल, आणि झाडू घेऊन सगळे कोपरे झाडून काढले. वास जाईना. मग मी तिला सांगितलं. सुईचंही सांगितलं. तिनं मला मारलं नाही. तिनं विळा घेतला, धाकटीजवळ बसली आणि पट्टी कापायला लागली. बाबांनी जपलेला तो नियम मोडायला तिला इतका कमी वेळ लागला की मला त्याचाच जास्त राग आला. खाली कातडीला फोड आले होते, मधे काळे पट्टे होते, आणि कामट्या मांसात रुतल्या होत्या.

आईनं तिला पदरात गुंडाळलं आणि आम्ही नर्सबाईंच्या घराकडे पळालो. कॉलनीत सगळे पांढऱ्या कपड्यांत विहाराकडे निघाले होते. नर्सबाईही पांढरी साडी नेसून दारात उभ्या होत्या. त्यांनी हात बघितला आणि तशाच चप्पल घालून निघाल्या. विहारातलं सगळं सोडून दिवसभर त्या आमच्याबरोबर दवाखान्यात बसल्या.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी हात ताबडतोब उघडून आतला दाब कमी केला, जखमा धुतल्या, किती दिवस धुतल्या. त्यांनी आईला विचारलं, "पडली कधी?" आईनं सांगितलं. ते म्हणाले, "पहिल्या दिवशी आणली असती तर प्लास्टर घालून महिन्याभरात खेळायला लागली असती. दुसऱ्या दिवशीसुद्धा बरंच वाचलं असतं." तिसरा दिवस ते बोललेच नाहीत. तिसरा दिवस माझा होता.

हात कापावा लागला नाही. बाबा हे पुढे कितीतरी वेळा म्हणाले, की बघा, कापला नाही. पण हात राहिला तो कसा राहिला? मनगट आत वळलेलं, बोटं मिटून तळव्याला लागलेली. दुसऱ्या हातानं मनगट वाकवलं तर बोटं थोडी उलगडायची, सोडलं की पुन्हा मिटायची. खांद्यापासून कोपरापर्यंत तो हात तिच्याबरोबर वाढला, पुढे वाढला नाही. ती डाव्या हातानं लिहायला शिकली. अक्षर गबाळं यायचं आणि ती पाटी पुसून टाकायची. माळा तिनं पुन्हा ओवल्या नाहीत.

आज कुणाचं पोर पडून हात सुजला असं ऐकलं की मी आगाऊपणा करतेच, मला कुणी विचारो न विचारो. बोटं हलवायला लावते. नख दाबून बघते. पट्टी बांधल्यावरही पोराचं रडणं थांबत नसेल तर पट्टी सोडायला लावते, मग ती कुणी का बांधलेली असेना, डॉक्टरनं घातलेलं प्लास्टर असलं तरी तसंच उचलून परत न्यायला लावते. सुना हसतात. हसू देत. कुणाचं रडणं ही बरं होण्याची खूण नसते, आणि रडणं थांबणं तर कधीकधी त्याहून वाईट असतं. एवढी एकच विद्या मला येते आणि ती मला माझ्या बहिणीच्या हातावर शिकायला मिळाली.

धाकटी घरी आल्यावर दोन महिने बाबा रविवारी ओट्यावर बसले नाहीत. लोक यायचे, बंद दार बघून जायचे. बाबा मळ्याच्या पार टोकाला जाऊन फुलझाडांना पाणी धरायचे, गरज नसली तरी. मला वाटलं होतं, संपलं आता. मग एका रविवारी कुणीतरी पाय मुरगळलेल्या म्हाताऱ्याला ओट्यावर आणून बसवलं आणि तो उठेचना. आलेल्याला परत पाठवायचं नाही. बाबांनी त्याचा पाय बसवला, चांगला बसला. पुढच्या रविवारी पाच जण आले. त्याच्या पुढच्या रविवारी रांग पहिल्यासारखी. आई रविवारी सकाळीच मळ्यात निघून जायला लागली. मला एक जास्तीचं काम मिळालं. धाकटीला आतल्या खोलीत घेऊन बसायचं, ती बाहेर येता कामा नये. हे मला बाबांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी नुसतं एकदा तिच्याकडे आणि एकदा आतल्या दाराकडे बघितलं होतं.

ती सात वर्षांची झाली होती. किती दिवस आत बसणार? एका रविवारी मी तेल गरम करायला गेले तेवढ्यात ती बाहेर आली, डाव्या हातात भाकरीचा तुकडा घेऊन, आणि ओट्याच्या कडेला उभी राहिली. समोर निफाडकडची एक बाई होती. तिच्या मांडीवर चारपाच वर्षांचं पोर, कोपर सुजून टम्म झालेलं. बाई धाकटीच्या हाताकडे बघत राहिली.

"पोरीच्या हाताला काय झालं वो?" तिनं बाबांना विचारलं.

मी तेलाची वाटी आणून ठेवली होती, बाबा तिच्याकडे बघत होते. ओट्यावरची सगळी माणसं ऐकत होती.

"जल्मापासून हाय," बाबा म्हणाले.

धाकटीनं वळून माझ्याकडे बघितलं. तिला सगळं आठवत होतं. ती वाट बघत होती, मी काय म्हणते त्याची. बाईनंही माझ्याकडे बघितलं. मोठी माणसं सांगतात ते पोरांकडून ताडून घ्यायची बायकांची सवय असते. "व्हय का गं?" ती म्हणाली.

मी म्हणाले, "हो."

बाईचा चेहरा सैल झाला. तिनं पोराला बाबांच्या पुढं बसवलं. त्या पोराचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही. मी ते कधी शोधलं नाही.

पुढच्याच आठवड्यात शाळेत नव्या बाई आल्या. त्यांनी धाकटीला सगळ्या वर्गासमोर विचारलं, हाताला काय झालंय. ती उभी राहिली आणि म्हणाली, जन्मापासून. लग्न ठरताना पाहुण्यांना तिनं तेच सांगितलं. बाबा गेले, आई गेली, आता आम्ही दोघीच उरलो. मागच्या वर्षी एकदा धीर करून मी तिला म्हणाले, त्या सुईचं मला तुला सांगायचंय. तिनं मला पुढं बोलू दिलं नाही. डाव्या हातानं उजवा हात पदराखाली घेतला आणि म्हणाली, "कसली सुई ताई? माझा हात जन्मापासूनच असा आहे."